बॅटरीवरची गाडी : धूर गेला कुठे?



आपल्या भागातल्या वडीलधाऱ्या माणसांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे. मोट गेली आणि ऑइल इंजिन आले. त्याची 'पुक पुक' शिवारभर ऐकू यायची, काळा धूर झाडाला लागायचा आणि डिझेलच्या डब्यासाठी तालुक्याला हेलपाटे व्हायचे. मग गावात तारा आल्या, विजेची मोटर बसली आणि इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडले. बटन दाबले की पाणी! धूर नाही, आवाज नाही. सर्वांना वाटले, आता कटकट संपली.

कटकट संपली का? काही अंशी संपली, पण नवी उभी राहिली. पाणी उपसणे सोपे झाले म्हणून उपसा वाढला, विहिरी खोल गेल्या, त्यांच्या जागी बोअर आले आणि तेही आटू लागले. डीपी जळाली की पीक वाळू लागले. विजेची मोटर वाईट होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती आली नसती तर आपल्याकडे ऊस एवढा वाढलाच नसता. पण धूर दिसेनासा झाला म्हणजे हिशेब संपला असे होत नाही, एवढा धडा त्या मोटरीने आपल्याला दिला.

तोच धडा आज पुन्हा काढून वाचण्याची वेळ आली आहे. आता मोटर विहिरीवरून उठून चाकावर बसली आहे. बॅटरीवरच्या स्कुटरी गावात दिसू लागल्या, तीनचाकी आल्या, एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवरची बस १ जून २०२२ पासून पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि विजेचे ट्रॅक्टरही बाजारात आले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये विजेवरच्या वाहनांचे धोरण जाहीर केले. नव्या धोरणात ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर यांनाही सवलतीत धरले आहे. तेव्हा हा विषय आता पुण्या-मुंबईचा राहिला नाही. तो आपल्या बांधापर्यंत आला आहे.

सभासद आम्हाला विचारतात, "ही गाडी खरंच पर्यावरणाला चांगली आहे का? का नुसती जाहिरात?" या लेखात त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या पद्धतीने, म्हणजे वहीत आकडे मांडून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आधी स्कुटरीचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. आपली मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते असे धरले, तर प्रत्येक किलोमीटरला ४६ ग्रॅम झाले.

बॅटरीच्या स्कुटरीला नळी नाही, धूर नाही. पण तिची वीज कुठून तरी येते. आपल्या देशातील विजेचा मोठा वाटा आजही कोळशावर तयार होतो. सर्व प्रकारची वीज एकत्र धरली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन वायू पडतो. स्कुटर एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास वीज खाते, म्हणजे एका युनिटमध्ये ३३ किलोमीटर. तारेत वाटेवर जी वीज गळते ती पंधरा टक्के धरली तर किलोमीटरला सुमारे २५ ग्रॅम येतात.

म्हणजे ४६ च्या जागी २५. कोळशाची वीज वापरूनही निम्म्याच्या जवळपास बचत झाली. याचे कारण असे की, मोटारसायकलचे लहान इंजिन पेट्रोलमधल्या शक्तीपैकी फार थोडा भाग चाकाला देते, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या मोटरीत तसे होत नाही.

आता बॅटरी तयार करतानाचा खर्चही धरला पाहिजे. लिथियमची बॅटरी कारखान्यात बनताना तिच्या प्रत्येक किलोवॅट-तास क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन वायू निघतो. स्कुटरीची बॅटरी ३ किलोवॅट-तासांची म्हटली तर १८० ते ३०० किलो झाले. नवी गाडी दारात उभी राहते तेव्हा एवढे कर्ज तिच्या डोक्यावर असते. किलोमीटरला २१ ग्रॅम वाचत असतील तर हे कर्ज फिटायला साडेआठ ते चौदा हजार किलोमीटर लागतील. रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचे ते दहा ते सोळा महिन्यांत फिटेल, आणि पुढे निव्वळ नफा. मात्र जी गाडी हौसेने घेऊन नुसती ओसरीवर उभी राहील, तिचे कर्ज कधीच फिटणार नाही.

खिशाचा हिशेबही सांगून टाकतो. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर किलोमीटरला २ रुपये १० पैसे. वीज ८ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला २४ पैसे. म्हणून शेतात जाणे, दूध घालणे, लेकरांना शाळेत सोडणे, हिंगोली-वसमतच्या बाजारात जाऊन संध्याकाळी परत येणे, असल्या कामाला ही गाडी चांगली आहे, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. फक्त स्वस्त पडते म्हणून चार चकरा जास्त मारायच्या नाहीत. विहिरीवरच्या मोटरीचे तेच झाले होते.

धूर परळीला गेला

स्कुटरीचा हिशेब चांगला निघाला, तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. गावातला धूर नाहीसा झाला म्हणजे तो जगातून नाहीसा झाला असे नाही. त्यातला निम्मा धूर वीज केंद्राच्या चिमणीतून निघाला.

मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. परळीचे औष्णिक केंद्र १९७१ पासून आपल्या ओळखीचे आहे. आज तिथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा जाळला की राख निघते, आणि केंद्राला पाणीही लागते. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. म्हणजे कोळशाची वीज वापरणारी गाडी आपल्या गल्लीत धूर सोडत नाही हे खरे, पण दुसऱ्या कुणाच्या गावात राख टाकते आणि दुष्काळात तिथले पाणी मागते.

बॅटरीच्या मालाचेही तसेच आहे. लिथियमचा मोठा साठा दक्षिण अमेरिकेत चिलीच्या अटाकामा वाळवंटात आहे. तिथे जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात वाळवतात आणि त्यातून लिथियम काढतात. आधीच पाऊस नसलेल्या मुलखात हा उपसा चालतो. काही बॅटरींना कोबाल्ट लागते, त्याचा जगातला बहुतेक पुरवठा आफ्रिकेतल्या काँगो देशातून होतो आणि तिथल्या खाणींत लहान मुले राबतात हे जगजाहीर आहे. आता लोह-फॉस्फेटच्या बॅटरी आल्या आहेत, त्यांत कोबाल्ट आणि निकेल नसते, त्या उन्हालाही जास्त टिकतात. गाडी घेताना दुकानदाराला "बॅटरी कोणत्या जातीची?" एवढे विचारायला हरकत नाही. बियाण्याची जात आपण विचारतोच की!

आपल्याकडे म्हण आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाडी हा पोहरा आहे. वीज हा आड आहे. पोहरा कितीही घासूनपुसून लखलखीत केला तरी आडात जे असेल तेच वर येणार.

उसाच्या खेपेचा हिशेब

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. ऊसवाहतूक हा कारखान्याच्या परिसरातला सर्वांत मोठा डिझेलचा खर्च आहे, आणि त्याचा पैसा सरतेशेवटी सभासदाच्या बिलातूनच जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. पण तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात किती पडते ते आपण सारे जाणतो. म्हणून वाहतुकीचे डिझेल वाचले तर ते पर्यावरणाचेही आहे आणि आपल्या पोटाचेही.

समजा, दोन ट्रॉल्यांत मिळून १६ टन ऊस भरला आहे आणि फड कारखान्यापासून ३० किलोमीटर आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे स्वतःचे वजन साडेसहा टन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओझे ओढायला आणि रिकामे परत जायला मिळून साधारण ४८ युनिट एवढी शक्ती चाकाला लागते. डिझेल इंजिन ओझ्याखाली एका लिटरमधून सुमारे ३ युनिट शक्ती देते. म्हणजे एका खेपेला १६ लिटर डिझेल. लिटरमागे २.६८ किलो कार्बन वायू धरून ४३ किलो झाले.

हेच काम विजेच्या ट्रॅक्टरने केले, तर चार्जिंग आणि मोटरीतली घट धरून यार्डात ५६ युनिट भरावे लागतील. लांबून तारेने येणारी वीज असेल तर गळती धरून केंद्रात ६६ युनिट तयार करावे लागतील. ७०० ग्रॅमने गुणा. ४६ किलो!

सभासदहो, इथे थांबून विचार करा. डिझेलचा ट्रॅक्टर ४३ आणि विजेचा ट्रॅक्टर ४६. डिझेल शुद्ध करताना आणि कोळसा खणताना जे जळते ते दोन्हीकडे वेगळे धरले तरी फार तर बरोबरी होईल. स्कुटरीत निम्मी बचत झाली, ट्रॅक्टरात काहीच नाही. कारण ओझ्याखाली चालणारे डिझेल इंजिन मोटारसायकलच्या इंजिनाएवढे उधळे नसते. 'बॅटरीची गाडी म्हणजे पर्यावरणाचे कल्याण' असे सरसकट म्हणणे म्हणूनच पी हळद आणि हो गोरी यातला प्रकार आहे, आणि हळदीच्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी त्याला भुलू नये.

मग विजेचा ट्रॅक्टर नकोच का? तसेही नाही. गावातून जाणाऱ्या रस्त्यावरचा धूर तर नक्कीच जाईल. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे. हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर ज्या घरांवरून आणि शाळांवरून जातात, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. पण पुरता फायदा हवा असेल तर आड बदलला पाहिजे.

आपला आड आपल्याच दारात

तो आड कुठे आहे? तो आपल्या गव्हाणीच्या पलीकडे आहे!

एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो चिपाड, म्हणजे बगॅस, निघते. साखर कारखाना हंगामात आपली वाफ आणि आपली वीज या बगॅसवरच करतो. जिथे उच्च दाबाचे बॉयलर आणि सहवीजनिर्मितीचा संच आहे, तिथे टनामागे साधारण १०० युनिट वीज होते. तीसेक युनिट कारखान्याला लागतात, सत्तरएक शिल्लक राहून ग्रीडला विकली जातात. महाराष्ट्रात अशी बगॅसवरची सहवीज अडीच हजार मेगावॅटच्या वर आहे.

आता वहीत शेवटची ओळ मांडू. एका खेपेत १६ टन ऊस आला. त्याच उसाच्या चिपाडातून शिल्लक वीज झाली ११२० युनिट. ती खेप आणायला वीज लागली ५६ युनिट. म्हणजे विसावा हिस्सा! उसाने स्वतःला कारखान्यात आणायचे भाडे स्वतःच्या चिपाडातून भरले आणि तरी एकोणीस हिस्से उरले. बगॅस जाळून जो कार्बन वायू निघतो तो पुढच्या वर्षीचा ऊस पुन्हा शोषून घेतो. कोळशाचे तसे नाही, तो कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला असतो आणि एकदा वर आला की वरच राहतो. म्हणून ४६ किलोचा तो आकडा बगॅसच्या विजेवर जवळजवळ शून्यावर येतो.

आणखी एक योग जुळून येतो. विजेच्या गाडीचे मोठे दुखणे म्हणजे चार्जिंगला लागणारा वेळ. पण आपला ट्रॅक्टर यार्डात नंबर लागेपर्यंत तासन् तास उभाच असतो ना! वाहतूकदार ज्या रांगेला कंटाळतो, ती रांगच चार्जिंगच्या कामाला येईल. पन्नास ट्रॅक्टर एकदम ३०-३० किलोवॅटवर लावले तरी दीड मेगावॅट होतात. सहवीजसंच असलेल्या कारखान्याला ते जड नाही. आणि ऊसवाहतुकीचा हंगाम व बगॅसच्या विजेचा हंगाम हे एकच आहेत, दसरा-दिवाळीपासून शिमग्याच्या आसपासपर्यंत.

बगॅसची वीज सोवळी आहे असे मात्र कुणी समजू नये. बॉयलरच्या चिमणीतून काजळी उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि हरभऱ्यावर पडते, हे कारखान्याच्या आसपासच्या गावांना माहीत आहे. चिमणीवर राख धरणारी यंत्रणा नीट चालली पाहिजे, तरच या आडाचे पाणी स्वच्छ म्हणता येईल.

हंगाम संपल्यावर काय? पावसाळ्यापुरते पाणी असेल तेव्हा येलदरीचे २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आपल्या शेजारीच आहे. उरलेल्या महिन्यांसाठी ऊन आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधील राज्यातल्या पहिल्या पाच सौर प्रकल्पांचे, एकूण १९ मेगावॅटचे, लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कार्यक्रमात झाले. साखरेच्या गोदामांचे पत्र्याचे छप्पर केवढे आहे ते पाहा. तिथे ऊन नुसते पत्रा तापवते.

मग इथेनॉलचे काय?

काही सभासद चिंतेने विचारतात, सगळ्या गाड्या बॅटरीवर गेल्या तर आपले इथेनॉल कोण घेणार? प्रश्न रास्त आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. पण सारी भिस्त एकाच खुंटीवर टांगण्यात काय धोका असतो तेही आपण पाहिले आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि भर हंगामात कारखान्यांचे नियोजन कोलमडले. ते निर्बंध पुढच्या वर्षी उठले.

आमच्या मते बॅटरी आणि इथेनॉल ही सख्खी भावंडे मानावीत. एका टनाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल होते. त्याची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणजे त्यावर मोटारसायकल सव्वादोन-अडीच हजार किलोमीटर जाईल. त्याच टनाच्या चिपाडातून उरलेल्या ७० युनिटवर स्कुटरही तेवढीच, सव्वादोन हजारांच्या वर किलोमीटर जाईल. रस एकीकडे, चिपाड दुसरीकडे. एका टनाची दोन पिके झाली. कारखान्याने दोन्ही खुंट्या पक्क्या ठेवाव्यात.

आज काय जमते, काय जमत नाही

आमचा हिशेब कागदावरचा आहे. बाजारात काय मिळते तेही पाहू. सोनालिका कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये विजेचा ट्रॅक्टर आणला, त्याची मोटर ११ किलोवॅटची आणि बॅटरी साडेपंचवीस युनिटची. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने तयार केलेला 'प्रायमा ई.टी. ११' हा ट्रॅक्टर २०२३ मध्ये पुढे आला. हे दोन्ही आंतरमशागतीला, फवारणीला आणि दोनएक टनांच्या ट्रॉलीला योग्य आहेत. १६ टनांच्या दोन ट्रॉल्या ओढणे हे त्यांचे काम नव्हे. खोंडाला मोठ्या बैलाचे जू देण्यासारखे ते होईल. ३० किलोमीटरच्या खेपेला ६० ते ७० युनिटची बॅटरी हवी, आणि तिची किंमत आज लाखांत आहे. खेपेमागे हजारभर रुपयांचे डिझेल वाचले तरी कर्ज काढून गाडी घेणाऱ्या वाहतूकदाराला हंगामाचे पाच महिने सोडून उरलेल्या सात महिन्यांचाही विचार करावा लागेल.

जवळचे फड, म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या आतले, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे खेपेला चाकावर सोळा ते वीस युनिटच लागतात. हा ऊस बराचसा बैलगाडीने आणि टायरगाडीने येतो. बैलगाडी डिझेल पीत नाही, पण बैलाच्या मानेचे हाल आपण पाहतोच. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीला पुढून आधार देणारे तिसरे चाक तयार केले, 'सारथी' त्याचे नाव. जोखडावरचा भार त्याने हलका होतो. प्रत्येक सुधारणेला बॅटरीच लागते असे नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि गाडीवानाचे काय, तोही विचार हवा. माथेरानला मोटारींना बंदी आहे, तिथे माणसे हाताने रिक्षा ओढत. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. पण त्याच वेळी ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच मिळाल्या पाहिजेत हेही न्यायालयाने बजावले. आपल्याकडे उद्या विजेची वाहने आली तर ती टोळीच्या आणि गाडीवानाच्या हातात यावीत, त्यांच्या पोटावर येऊ नयेत. सहकार कशासाठी आहे?

कोपऱ्यातली मेलेली बॅटरी

शेवटी सर्वांत धोक्याची गोष्ट. बॅटरीचा प्रश्न उद्याचा नाही, आजच प्रत्येकाच्या घरात आहे. फवारणीच्या पंपाची जुनी बॅटरी कुठे आहे? बहुतेकांच्या गोठ्यात, नाहीतर भंगारवाल्याकडे. तिच्यात शिसे आणि गंधकाचे तेजाब असते. इन्व्हर्टरची तीच, स्वस्तातल्या ई-रिक्षांचीही बऱ्याचदा तीच. भंगारात ती उघड्यावर फोडतात, तेजाब नाल्यात ओततात, शिसे वितळवतात. ते तेजाब ओढ्याने कयाधूत आणि पूर्णेत जाते, शिशाचा धूर श्वासावाटे लेकरांच्या रक्तात जातो आणि त्यांची बुद्धी मंद करतो. गावाच्या दृष्टीने विजेच्या वाहनांचा खरा पर्यावरणीय धोका इथे आहे, चिमणीत नाही.

यावर कायदा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यानुसार जो बॅटरी तयार करतो वा आयात करतो, त्यानेच ती परत गोळा करून तिच्यातला माल पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी घ्यायची आहे. तेव्हा जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, पावती मागा. भंगारवाल्याच्या शंभर रुपयांसाठी ओढा नासवू नका.

वापरताना एवढे सांभाळावे :

१. चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा झोपायच्या खोलीत करू नये. मोकळ्या, सावलीच्या जागी करावे. २०२२ मध्ये देशात काही स्कुटरींनी पेट घेतल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, पण काळजी आपलीच.

२. आकडा टाकून कधीही चार्जिंग करू नये. स्वतंत्र जाड वायर, चांगला १६ अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग पाहिजे.

३. उन्हातून आल्याबरोबर लगेच चार्जिंगला लावू नये. आपल्याकडचा वैशाख बॅटरीला मानवत नाही. तासभर थंड होऊ द्यावी.

४. या गाड्यांचा आवाज होत नाही. रात्री बैल, शेळ्या, म्हातारी माणसे यांच्या जवळून जाताना हॉर्न द्यावा, वेग कमी करावा.

सभासदांपुढे आमची मागणी

या साऱ्याचे सार एवढेच की, गाडी चांगली की वाईट हे गाडीवरून ठरत नाही. ती कोणत्या विजेवर चालली आणि तिची बॅटरी शेवटी कुठे गेली, यावर ठरते. शहराच्या माणसाला यातले काहीच आपल्या हाती ठेवता येत नाही. आपल्याला येते, कारण वीज तयार करणारा कारखाना आपल्या मालकीचा आहे.

म्हणून पुढील वार्षिक सभेत सभासदांनी तीन गोष्टींवर बोलावे असे आम्ही सुचवतो. पहिली, यार्डात कारखान्याच्या विजेवर चार्जिंगची सोय करावी, सुरुवात कामगार आणि सभासदांच्या दुचाकी-तीनचाकीपासून व्हावी, कारण तिथला फायदा आजच पक्का आहे. दुसरी, जवळच्या एका गटात एक हंगामभर विजेच्या वाहनाने ऊस आणून पाहावा, लागलेले युनिट, आणलेले टन आणि आलेला खर्च यांची नोंद ठेवावी आणि ती याच अंकात छापावी, मग तोट्याची असली तरी. तिसरी, प्रत्येक गट कार्यालयात जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची पेटी ठेवावी आणि त्या परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे पाठवाव्यात. या तिसऱ्या कामाला ना अनुदान लागते ना मंजुरी, ते उद्याच सुरू होऊ शकते.

विहिरीवर मोटर आली तेव्हा पुढे काय होईल हे आपल्याला कुणी सांगितले नव्हते. या वेळी हिशेब आधीच वहीत आहे. आपल्या गटाच्या शेतकी अधिकाऱ्याकडे या विषयावरची आपली मते आणि सूचना लेखी द्याव्यात, त्या पुढील अंकात अवश्य छापू.